मधले दिवस: पुढच्या उपचाराची वाट पाहताना आनंदाची सोय कशी करायची

मला फोन येतात ते साधारण एकाच टप्प्यावर. केमो संपलेली असते, ऑपरेशनला तीन आठवडे असतात आणि पलीकडून आवाज येतो, "केमो चालू होती तेव्हा बरं होतं हो ताई, आता नुसतं बसून राहायचं म्हणजे जीव जातो." मग काय काय करून पाहिलं ते ऐकायला मिळतं. कुणी लोकरीचे गुंडे आणले, कुणी ध्यानाचा वर्ग लावला, एकीच्या घरच्यांनी तर अष्टविनायकाची गाडी ठरवली. चार दिवसांत सगळं बारगळतं आणि वर 'मला साधं आनंदात राहतासुद्धा येत नाही' ही नवी बोच लागते.

चुकतो तो क्रम. आनंदाची गोष्ट शेवटी आणायची असते, ती सगळ्यात आधी आणली जाते. आपण नेमके कशासाठी थांबलोय, काळजी दिवसाच्या कुठल्या तासाला करायची, अंगात त्राण कधी असतं, हे आधी बघायचं राहून जातं. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारात मी अशी वाट तीनदा पाहिली: केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये, केमो आणि ऑपरेशनमध्ये, आणि ऑपरेशननंतर शेक (रेडिएशन) सुरू होईपर्यंत. पहिल्या खेपेला जे चुकवता येईल ते सगळं चुकवलं. खाली लिहिलंय ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचं शहाणपण. दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर असेल तर तपशील बदलतील, क्रम बदलायचं कारण नाही.

## आधी एवढं जमवून ठेवा

एक डिजिटल थर्मामीटर. एक जाड वही, पेन तिला दोरीनं बांधलेलं (हसू नका, दुपारी तीनला पेन शोधताना रडू येतं). भिंतीवरचं तारखांचं कॅलेंडर. सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेली एकच फाइल. आणि रुग्णालयाचे दोन नंबर, एक दिवसाचा आणि एक रात्री-अपरात्रीचा, फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवलेले.

यात नवीन छंदाचं सामान नाही, ते मुद्दाम. बाजारातून काहीही आणू नका. का ते चौथ्या टप्प्यात येईल.

## टप्पा १: आपण कशासाठी थांबलोय ते विचारून घ्या

'वाट पाहणं' ही एकच गोष्ट नाही. ती चार प्रकारची असते आणि प्रत्येकीत करायचं वेगळं असतं.

काउंटसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या आकड्यासाठी. केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये बऱ्याचदा २१ दिवस असतात, कारण औषधाबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही खाली जातात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या तळाला असतात आणि मग वर येतात. म्हणजे हे दिवस रिकामे नाहीत, अस्थिमज्जेचं काम चालू आहे.

अंग सावरण्यासाठी. केमोनंतर ऑपरेशनला सहसा काही आठवडे थांबवतात. ऑपरेशननंतर जखम भरल्याशिवाय शेक देत नाहीत.

रिपोर्टसाठी. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून थोडं थांबून सांगते. काढलेला भाग आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात. मग त्यातले तुकडे मेणात बसवून ठोकळे करतात, ठोकळ्यांचे कागदाहून कितीतरी पातळ काप घेऊन ते रंगवतात आणि मग कुठे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हार्मोनच्या आणि हर-टू या पेशींवरच्या प्रथिनाच्या तपासण्या वेगळ्या लागतात. हर-टू '२+' आला तर ते ना धड हो, ना धड नाही, म्हणून फिश नावाची आणखी एक तपासणी होते. प्रत्येक पायरीला दिवस जातात. रिपोर्ट लांबला म्हणजे बातमी वाईट, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. मी त्या समीकरणापायी अकरा रात्री जागले आणि कारण निघालं एक जास्तीची तपासणी.

नंबरसाठी. ओटीची (ऑपरेशन थिएटरची) तारीख, शेकाच्या मशीनवरची जागा, सरकारी योजनेची मंजुरी. ही वाट शरीराची नाही, कागदाची आहे. तिथे शांत बसून चालत नाही, पाठपुरावा लागतो.

पुढच्या भेटीत हे प्रश्न वहीत लिहून न्या: मी नेमकी कशासाठी थांबले आहे? एवढं थांबल्यानं माझ्या आजारात काही बिघडतं का? चौकशीचा फोन कुणाला आणि किती तारखेनंतर करायचा? प्रवास, गर्दी, बाहेरचं खाणं, घरकाम यातलं काय चालेल? दुसरा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. न विचारल्यामुळे तोच रात्री दोन वाजता उशाशी येऊन बसतो.

> तपासा: "मी ___ साठी थांबले आहे आणि त्याची चौकशी ___ तारखेला ___ कडे करायची आहे." हे वाक्य वहीत पूर्ण लिहिता येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा २: काळजीला वेळ नेमून द्या

'काळजी करू नकोस' हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. काळजी होणारच. ती दिवसभर घरभर फिरते, हा खरा त्रास असतो. तिला वीस मिनिटांची वेळ द्या. माझी संध्याकाळी पाचची होती. दिवेलागणीनंतर नको, कारण मग ती अंथरुणापर्यंत येते.

त्या वीस मिनिटांत वही उघडायची. भीती वाटते ते लिहायचं आणि त्यातल्या डॉक्टरांना विचारण्याजोग्या गोष्टींवर खूण करायची. इंटरनेटवर काही बघायचंच असेल तर याच वेळात, आणि शेजारी कुणीतरी बसलेलं हवं. बाकी वेळी विचार आला की त्याला मनात म्हणायचं, "पाचला ये." पहिले चार-पाच दिवस तो ऐकत नाही. आठवड्यानं थोडा वळणावर येतो. माझे यजमान तर मला विचारायचे, "काय, पाचच्या पाहुण्या आल्या का?"

रुग्णालयाशी बोलण्याचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. तिघं जण तीन ठिकाणी चौकशी करतात, तीन उत्तरं आणतात आणि त्या तिन्हींचा मेळ घालत रुग्णच बसतो.

चूक: रिपोर्टचा मेसेज मोबाइलवर आला की एकटीनं उघडणं. कुणासमोर आणि कुठे उघडायचा ते आधीच ठरवा. अर्थ डॉक्टरांकडूनच घ्या, शब्द शोधून नाही.

## टप्पा ३: अंगाचं वेळापत्रक ओळखा

आनंद थकलेल्या तासात ठेवला की तो ओझं होतो. म्हणून चार दिवस नुसती नोंद करा: सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रत्येकी दहापैकी किती त्राण होतं. चित्र आपोआप दिसतं. माझे साडेआठ ते साडेदहा हे सोन्याचे दोन तास होते आणि ते मी आल्या-गेल्यांशी फोनवर बोलण्यात घालवत होते.

केमोच्या फेऱ्या चालू असतील तर कॅलेंडरवर तीन रंग करा. पहिले दोन-तीन दिवस सोबत दिलेल्या स्टिरॉइडचे: झोप उडते, खोटा उत्साह येतो. अशाच एका रात्री मी पावणेतीनला स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून काढले आणि पुढचे तीन दिवस आडवी होते. त्या उत्साहावर विश्वास ठेवू नका. मधला आठवडा काउंट खाली असण्याचा: घरातल्या घरात, कमी माणसांत. शेवटचा आठवडा बहुधा मोकळा: बाहेर जायचं ते तेव्हा.

ऑपरेशननंतरचं गणित निराळं. ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी नळीनं गोळा करणारी बाटली असेपर्यंत सगळं तिच्याभोवती फिरतं. तिला कापडी पिशवी शिवून गळ्यात अडकवली की हात मोकळे राहतात आणि दिवस निम्मा सोपा होतो.

थकवा आहे म्हणून पडूनच राहायचं, हा उलटा सल्ला घरोघरी मिळतो. कॅन्सरच्या थकव्याला झेपेल एवढं रोज चालणं हा चांगला उतारा आहे. डॉक्टरांची हरकत नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा, गॅलरीत सुद्धा.

> इशारा: केमोच्या काळात ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, थंडी वाजून आली, तर वाट बघत बसायचं नाही. रात्र असली तरी रुग्णालयाला फोन आणि तिकडे निघायचं. ताप मोजण्याआधी क्रोसीन घेऊ नका, खरा आकडा लपतो.

## टप्पा ४: तीन याद्या करा

आता कुठे आनंदाचा विषय. वहीची तीन पानं घ्या: 'पडून', 'बसून', 'चालून'. प्रत्येक पानावर पाच-सहा गोष्टी, आणि गोष्टीला चार अटी: वीस मिनिटांच्या आत होणारी, मध्येच सोडता येणारी, नवीन काही विकत न आणता होणारी, आणि आजारपणाआधी तुम्हाला खरोखर आवडत असलेली.

शेवटच्या अटीवर सगळे अडखळतात. 'आता वेळ आहे तर काहीतरी शिकून घेऊ' असं वाटतं. केमोनंतर डोकं धुक्यात असतं, नवीन गोष्ट लक्षात राहत नाही, आणि शिकणं म्हणजे परीक्षा होते. मी क्रोशाची सुई आणली होती. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधामुळे बोटांची टोकं बधिर झालेली, टाका हाताला लागेचना. त्याच बोटांना मटार सोलणं जमलं. परातीत टपटप आवाज, हिरवा ढीग वाढताना दिसतो आणि घराला उपयोगही. बोटं बधिर असतील तर सुरी, विळी आणि गरम भांडी मात्र दुसऱ्याला द्या.

माझी यादी नमुना म्हणून देते, नक्कल करू नका.

*पडून:* रेडिओवर जुनी गाणी, पण मोबाइलवर नाही, खऱ्या रेडिओवर, कारण पुढचं गाणं आपल्या हातात नसतं. भाचीनं पाठवलेल्या आवाजी निरोपातल्या तिच्या शाळेच्या भानगडी. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची वाळवणं मोजणं.

*बसून:* वर्तमानपत्रातलं शब्दकोडं, अर्धं सकाळी आणि अर्धं रात्री. शेजारच्या मुलाबरोबर पत्ते. आईच्या हातच्या पाककृती आठवून लिहिणं, प्रमाण 'अंदाजे' असलं तरी.

*चालून:* सोसायटीच्या दोन फेऱ्या, एक झाड ठरवून रोज त्याचं काय झालं ते बघत. ऑपरेशननंतर भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सांगतात, त्याला मी पेन्सिलीच्या खुणा केल्या. वरच्या फळीतला मेतकुटाचा डबा स्वतःच्या हातानं काढला त्या दिवशी घरात शिरा झाला. ऑपरेशनआधी श्वास ओढून तीन गोळे उचलायचं यंत्र देतात, त्याचे गुण शेजारचा तोच मुलगा पाटीवर मांडायचा. सांगितलेला व्यायामही आनंदाच्या यादीत बसतो, नुसता कुणीतरी मोजणारा हवा.

खाण्याचं वेगळं. जीभ बदलते, चहा लोखंडासारखा लागतो, आवडीचं पिठलं नकोसं होतं. 'आवडीचं करून घाला' हे घरच्यांचं प्रेम मग ताटात तसंच पडून राहतं आणि दोन्हीकडे वाईट वाटतं. आवडीचा हट्ट सोडा आणि आज काय चाललं ते रोज लिहा. मला मऊ भात, तूप, लिंबू आणि थंड कोकम सरबत चाललं. तोंड आलं असेल तर लिंबू-कोकमही नको, ताकभात बघा. स्टीलचा चमचा नको वाटला तर लाकडी घ्या. रुचकर वाटलेला एक घाससुद्धा त्या दिवशीच्या यादीत चढवायचा.

> इशारा: काउंट खाली असताना कुंड्यांची माती उकरू नका, झारीनं पाणी घालणं ठीक. कबुतरांना दाणे घालणं बंद, विष्ठेतून बुरशीचा संसर्ग होतो. बाहेरची चटणी, पाणीपुरी, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं नकोत. घरातली कच्ची कोशिंबीर चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, सगळीकडे एकच नियम नसतो.

चूक: जुने फोटो लावायला काढणं. फार लोक हे सुचवतात. लांबसडक केसांचा आपला फोटो समोर आला की दिवस गेला. हे काम केस आल्यावर.

## टप्पा ५: रोज एकच, ठरलेल्या खुंटीला

तीन याद्यांतून रोज एकच गोष्ट निवडा आणि रोज होणाऱ्याच कशाला तरी बांधा: सकाळच्या चहानंतर, गोळ्या घेतल्यावर. 'बरं वाटेल तेव्हा करू' म्हटलं की होत नाही. त्राण नसेल तर 'पडून'च्या पानावर जा, दिवस चुकवू नका.

रात्री वहीत एक ओळ लिहा. आभार, शिकवण काही नको, काय झालं तेवढंच. "समोरच्या गच्चीवर आज कुरडया. कावळ्यानं एक पळवली."

> तपासा: आठवड्यानं ओळी वाचा. ज्या गोष्टीची ओळ एकदाही लिहावीशी वाटली नाही ती यादीतून काढा. कर्तव्य म्हणून आनंद करायचा नसतो.

## टप्पा ६: माणसांची व्यवस्था

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला न जाणं हे वाईट दिसतं, त्यामुळे माणसं येतात. येतात ती आपल्या मावसजावेच्या कॅन्सरची गोष्ट घेऊन, आणि ती गोष्ट बहुतेक वेळा नीट संपत नाही. दारावर एक माणूस हवा. आमच्याकडे धाकट्या जाऊबाईंनी हे खातं घेतलं. फोनवरच सांगायच्या, "वहिनींना डॉक्टरांनी अर्धा तासच बोलायला सांगितलंय, आणि सर्दी-खोकला असेल तर नंतर या हं." डॉक्टरांचं नाव घेतलं की कुणाला राग येत नाही.

ज्यांना मनापासून काही करायचं असतं त्यांना नेमकं काम द्या. "काही लागलं तर सांग" याला "मंगळवारी भाकरी पाठवाल का?" हे उत्तर. काकू खूश, आपणही.

सारखी सोबत करणाऱ्या माणसालाही आठवड्यातली एक संध्याकाळ सुट्टी द्या आणि ती कशी घालवली ते विचारू नका.

## घरापासून लांब थांबला असाल तर

परळला टाटा रुग्णालयात उपचार चालू आहेत आणि घर बुलढाण्याला किंवा बीडला, अशी कितीतरी माणसं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीत किंवा भाड्याच्या खोलीत आठवडे काढतात. तिथे वरचे टप्पे तसेच लागू, दोन गोष्टी वाढवा.

घरातली एक रोजची वस्तू बरोबर आणा: आपला पेला, उशीचा अभ्रा, देवातला छोटा फोटो. आणि गावाकडच्या फोनची वेळ ठरवा. त्या फोनवर तब्येतीचं दोन वाक्यांत सांगून टाकायचं, मग गावाकडचं विचारायचं. पाऊस झाला का, म्हैस व्यायली का, शेजारच्या बांधाचं भांडण कुठवर आलं. फिरायला माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनसारखी झाडांची मोकळी जागा सकाळी निवडा. दादर स्टेशनजवळचा फूलबाजार कितीही खुणावला तरी काउंट खाली असताना त्या गर्दीत नको.

खोलीतले शेजारी हा मोठा आधार, आणि मोठा सापळा. कढी-भाजी वाटून घ्या, रिपोर्ट वाटून घेऊ नका. दोन माणसांचा कॅन्सर एक नसतो.

## टप्पा ७: तारीख पुढे गेली तर

जाते. काउंट आले नाहीत, ओटी रद्द झाली, मशीन बंद पडलं. त्या दिवशी यादीतलं काही करू नका, चिडा, रडा, पांघरूण घेऊन पडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा टप्पा १ पासून: आता कशासाठी थांबलो, चौकशी कधी, कुणाकडे. लोक इथे थेट टप्पा ५ वर उडी मारतात आणि म्हणतात, काही जमेना.

वाईट दिवस आणि वाईट पंधरवडा यात फरक करा. दोन आठवडे झोप नाही, कशातच गोडी नाही, सारखं रडू येतं असं असेल तर ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा, मळमळीचं सांगतो तसंच. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नको असं मनात येत असेल तर दोन आठवडे मोजू नका. त्याच क्षणी जवळच्याला सांगा आणि फोन करा.

## टप्पा ८: आदले दोन दिवस

पेट स्कॅन (अंगात साखरेसारखं औषध सोडून काढतात ते चित्र) असेल तर आदल्या दिवशी लांब फेरी नको. दमवलेले स्नायू साखर ओढतात आणि चित्रात उगाच उजळतात. उपाशी किती तास राहायचं आणि मधुमेहाची औषधं कशी घ्यायची ते लिहून घ्या. शेकाच्या आखणीसाठी अंगावर खुणा केल्या असतील तर त्या घासायच्या नाहीत. आखणी झाल्यावर शेक सुरू व्हायला लागणारे दिवस डोस बसवण्याच्या हिशेबात जातात, तुम्हाला विसरलेले नसतात. ऑपरेशन असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि काढे-चूर्ण यांचं आधीच विचारून ठेवा.

पिशवी दुपारीच भरा: फाइल, वही, पेन, थर्मामीटर, पुढून उघडणारा गाऊन, चार्जर. संध्याकाळी पाचची वीस मिनिटं त्या दिवशी चाळीस झाली तरी चालतील. मग शब्दकोडं घ्या, अर्धंच सोडवा, आणि घडी करून पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. आडव्या सातला मी तीन दिवस अडले होते, उत्तर सलाइन लावणाऱ्या सिस्टरनं दिलं.